पिशवी काढली होती, तरीही

आई फेब्रुवारी २०२१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगानं गेली. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी वर्गातल्या एका मुलाची आजी रुमालात गुंडाळलेली फाइल घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, माह्या सुनंच्या पोटात पाणी झालंय. तुमच्या मायचं बी असंच व्हतं म्हणे. बघा बरं जरा."

तेव्हापासून अशा फाइली येत राहिल्या. मी डॉक्टर नाही, वसमत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. औषधपाणी सांगायचा मला अधिकार नाही. पण कुठं जायचं, काय विचारायचं आणि कशावर वेळ घालवायचा नाही, एवढं आईच्या आजारपणाच्या साडेतीन वर्षांत शिकले. दर वेळी ओट्यावर बसून तोंडी सांगते, ते आता लिहून काढते आहे.

१. पिशवी म्हणजे सगळं नव्हे

१९९९ साली, हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच वर्षी, आईची पिशवी काढली. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. वय छत्तीस, दोन लेकरं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. आबांनी, म्हणजे वडिलांनी, भाव नसताना घरातली हळद विकली आणि ऑपरेशन झालं. पुढची अठरा वर्षं आमच्या घरात एक समजूत घट्ट बसली होती: आईला पिशवीच नाही, तर बायकांचा कोणता आजार होणार?

आमच्याकडे पिशवी हा शब्द फार मोठा आहे. पोटाच्या खालच्या भागात बाईचं जे काही असतं ते सगळं त्यात जातं. खरं तर पिशवी म्हणजे फक्त गर्भाशय. त्याच्या दोन्ही अंगांना नळ्या आणि नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढी दोन अंडाशयं. पिशवी काढताना अंडाशयं जागेवर ठेवता येतात आणि तरुण बाईची तर, दुसरं काही कारण नसेल तर, ठेवायचीच असतात, कारण तिची हाडं आणि हृदय त्यांतून येणाऱ्या संप्रेरकांवर टिकून असतात. आईची अंडाशयं ठेवली होती, हे आम्हाला २०१७ मध्ये कळलं. ट्रंकेच्या तळातून जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं, तर त्यावर फक्त 'टीएएच' एवढी अक्षरं. म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं. दोन्ही नळ्या आणि अंडाशयं काढली असती तर त्यापुढं 'बीएसओ' असं लिहिलेलं असतं.

पिशवी काढलेल्या प्रत्येकीला मी आधी हे कार्ड शोधायला लावते. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली. ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपली अंडाशयं शिल्लक आहेत की नाहीत, हे त्यांतल्या कितीजणींना कुणी सांगितलं असेल, हा प्रश्न तो आकडा वाचल्यापासून माझी पाठ सोडत नाही.

२. रोजचा गॅस हा गॅस नसतो

फेब्रुवारी २०१७. हळदीची काढणी चालू होती. आई म्हणायला लागली, "दोन घास खाल्ले की पोट टरटर करालंय." आम्ही सगळे म्हणालो, गॅस. मेडिकलवाल्यानं गोळी दिली, गावातल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, आत्यानं ओवा दिला. प्रत्येकानं चार-आठ दिवसांपुरता आराम दिला.

मला आजही दिसते ती तिच्या परकराची नाडी. गाठ मारल्यावर लोंबणारी टोकं दर पंधरवड्याला आखूड होत होती. हातपाय वाळत होते, गालफडं बसत होती आणि पोट तेवढं पुढं येत होतं. शेजारणी म्हणायच्या, वय झालं की पोट सुटतंच. रात्रीतून चार-चारदा लघवीला उठायची. तेही आम्ही साखरेवर टाकलं आणि साखर तपासून मोकळे झालो.

या आजाराला कुणी मुका म्हणतात. मला ते पटत नाही. तो बोलतो, फक्त त्याची बोली अपचनासारखी असते. पोट फुगणं, चटकन पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी. ही दुखणी कुणाला होत नाहीत? फरक मोजण्यात आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एक साधं माप सुचवलं: वर्षाच्या आत नव्यानं सुरू झालेली आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होणारी ही लक्षणं असतील, तर पोटाची तपासणी करायची. पन्नाशीच्या पुढच्या बाईला तर नक्कीच. आता कुणी बाई गॅस म्हणाली की मी कॅलेंडर काढते. दूधवाल्याचा खाडा मांडतो तसं, त्रास झालेल्या दिवसावर फुली मारायला सांगते.

आणि सोनोग्राफी सांगितली तर ती खालून करायची असेल, याची कल्पना बाईला आधीच द्यावी. आईनं ती पहिल्यांदा लाजेपायी करूच दिली नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशयं नीट दिसलीच नाहीत.

३. निरोगी बाईसाठी याची चाळणी तपासणी नाही

ओट्यावर सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, "दरसाल कोणती टेस्ट करावी?" उत्तर द्यायला जीव धजत नाही, कारण उत्तर नाही असं आहे.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला अशी तपासणी आहे आणि ती आपल्या मराठवाड्यानंच जगाला दाखवून दिली. आईची पिशवी काढली त्याच १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधून ३० ते ५९ वयाच्या बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होतं. १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली आणि सापडलं त्यावर उपचार केले, तर या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. शेतात राबणाऱ्या बायकांनी दिलेला हा पुरावा आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

अंडाशयाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर तसाच प्रयत्न झाला. एका गटाचं दरवर्षी रक्त तपासलं, एका गटाची दरवर्षी सोनोग्राफी केली. २०२१ मध्ये निकाल आला की मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कुणी 'लेडीज पॅकेज'मध्ये सीए-१२५ ही रक्ततपासणी घालून पैसे मागत असेल आणि बाईला काही त्रास नसेल, घरात इतिहास नसेल, तर ते पैसे वाचवावेत. त्रास असेल तेव्हा मात्र हीच तपासणी कामाची ठरते.

४. पोटातलं पाणी फेकून द्यायचं नसतं

जूनमध्ये आईला श्वास घेणं जड जायला लागलं. एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटात पाणी होतं. सुई लावून तीन लिटर काढलं आणि आईला लगेच हलकं वाटलं. आम्ही हात जोडले आणि घरी आलो. ते पिवळसर पाणी बादलीतून मोरीत गेलं. त्यातलं चमचाभरही कुणी तपासायला पाठवलं नाही.

मग पोटाचा टीबी असेल असं ठरवून औषधं सुरू झाली. याचा मला वर्षभर राग होता. पुढं वाचत गेले तेव्हा समजलं की पोटाचा टीबी आपल्याकडे पुष्कळ आहे आणि तो हुबेहूब असाच दिसतो: पोटात पाणी, वजन घटणं, बारीक ताप. सीए-१२५ सुद्धा दोन्हीकडे वाढतं. शंका चुकीची नव्हती. पुरावा न शोधता औषध सुरू केलं, हे चुकीचं होतं. त्यात दहा आठवडे गेले आणि पाणी पुन्हा भरलं.

सप्टेंबरमध्ये नांदेडला सीटी स्कॅन झाला. दोन्ही अंडाशयांवर गाठी, आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा जाड झालेला, जागोजाग दाणे. सीए-१२५ आलं १८४०. साधारण ३५ पर्यंत ठीक मानतात. पण हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्येही तो वाढतो आणि आजार अगदी सुरुवातीचा असेल तर जवळपास निम्म्या बायकांत वाढतही नाही. खरा निवाडा तुकड्याच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा. पाण्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या तर दिशा मिळते, नाही दिसल्या तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

म्हणून पोटातलं पाणी काढणार असतील तर आधी विचारावं, हे तपासायला कुठं पाठवणार? रिपोर्ट कधी मिळणार? एवढे दोन प्रश्न आम्ही विचारले असते तर आईचं निदान कदाचित जूनमध्येच झालं असतं.

५. पहिलं ऑपरेशन कोण करणार, हे आधी ठरवावं

अंडाशयावरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तरुणपणी होणाऱ्या पाण्याच्या गाठी बहुतेक साध्या असतात आणि कित्येक आपोआप जिरतात. पण गाठीबद्दल शंका असेल तर तिला सुई टोचून पाणी काढू नये. आतला आजार अंडाशयापुरता असला तर फुटलेल्या गाठीतून तो पोटभर सांडू शकतो. अशी गाठ अख्खी काढावी लागते आणि ते काम स्त्रियांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकलेल्या सर्जननं करावं.

आमच्या ओळखीत एकीचं पोट उघडलं, आत पसरलेलं दिसलं, एक गाठ काढून पोट बंद केलं आणि मग मुंबईला जा म्हणून सांगितलं. तिला दोनदा चिरफाड सोसावी लागली.

आणखी एक. हा आजार कोवळ्या मुलींनाही होतो, पण त्यांच्यातला प्रकार वेगळा, बीजपेशींचा. तो औषधांना फार चांगली दाद देतो आणि बहुतेक वेळा दुसरं अंडाशय आणि पिशवी राखून उपचार होतात. पोर लग्नाची आहे म्हणून गाठ लपवणाऱ्या आईबापांना मी हे मुद्दाम सांगते.

६. ज्याला झालंय त्याला सांगावं

आम्ही आईला सांगितलं नाही. आबा, मी, माझा धाकटा भाऊ, तिघांनी ठरवलं की मुंबईला 'पोटाचे मोठे डॉक्टर' आहेत म्हणायचं. पूर्णेहून देवगिरी एक्स्प्रेसला बसलो. जालना गेल्यावर डब्यातले दिवे मंद झाले तेव्हा आई वरच्या बर्थकडे बघत म्हणाली, "मला काय झालंय ते मला सोडून साऱ्या डब्याला ठावं हाय."

मी खाली उतरून तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "छातीचा का पोटाचा?" तिची धाकटी बहीण छातीच्या गाठीनं गेली होती. मी म्हटलं, पोटाचा, अंडाशयाचा. तिनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. "ते काय असतंय?" मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. चोपन्न वर्षांच्या, दोनदा बाळंत झालेल्या बाईला तिच्या पोटात काय आहे हे पहिल्यांदा कुणी दाखवलं, ते धावत्या गाडीत.

परळला टाटा रुग्णालयात तर लपवण्याचा प्रश्नच उरत नाही. बाकावर शेजारी बसलेली बाई सहज विचारते, "तुमचा कुठला?" त्या मोकळेपणानं आईला धीर दिला. पुढं प्रत्येक निर्णय तिनं स्वतः ऐकून घेतला आणि कागदावर सही स्वतः केली.

७. उपचार लांबलचक असतात, पण त्यांना क्रम असतो

आईचा आजार तिसऱ्या टप्प्यात होता. पहिल्यात तो अंडाशयापुरता असतो, दुसऱ्यात ओटीपोटात, तिसऱ्यात पोटभर किंवा तिथल्या लसिकाग्रंथींत, चौथ्यात फुफ्फुसाच्या आवरणातल्या पाण्यात किंवा त्याहून दूर. बहुतेक बायका तिसऱ्या-चौथ्यातच पोचतात, कारण पोटात जागा भरपूर आणि अडवणारं काही नाही.

ऑपरेशनचा हेतू एकच: डोळ्यांना दिसेल असा आजार पोटात शिल्लक ठेवायचा नाही. काहींचं ऑपरेशन आधी होतं. आईचा पसारा मोठा आणि ताकद कमी, म्हणून आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो असं ठरलं. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर एकवीस दिवसांनी.

पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी केस उशीवर राहिले. आईला त्याचं फारसं वाटलं नाही, डोक्यावरून पदर असायचाच. तिला खरा त्रास दिला बोटांच्या बधिरपणानं. पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही, तशीच अनवाणी चालत राहायची. हळकुंड हातात धरलं तरी धरल्यासारखं वाटायचं नाही. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, औषधाची मात्रा बदलता येते, हे आम्हाला तिसऱ्या केमोपर्यंत माहीत नव्हतं. ती सहन करत राहिली. सोसण्याचं कौतुक आपण बायकांना लहानपणापासून ऐकवतो. केमोत ते घातक ठरतं.

दुसरी गोष्ट तापाची. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात. अशा दिवसांत ताप १००.४च्या वर गेला तर पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. दुसऱ्या केमोनंतर रात्री दीडला आईला १०१ ताप आला. भावानं शेजाऱ्याची जीप काढली आणि तासाभरात नांदेड गाठलं. डॉक्टर म्हणाले, सकाळ झाली असती तर अवघड होतं. थर्मामीटर, गाडीवाल्याचा नंबर आणि केमोचा कागद आम्ही देवघराच्या कोनाड्यात ठेवत असू.

जानेवारी २०१८ मध्ये ऑपरेशन झालं. सहा तास लागले. दोन्ही अंडाशयं, नळ्या, तो चरबीचा पडदा आणि जिथं जिथं दाणे होते ते सगळं काढलं. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, दिसणारं काही उरलेलं नाही. मी तिथल्या भिंतीला टेकून रडले. एप्रिलमध्ये सहावी केमो झाली आणि सीए-१२५ आलं ११.

८. हळद भाजीत घालावी

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हळदीच्या पैशावर आमचं शिक्षण झालं, लग्नं झाली. अशा घरातल्या बाईला कॅन्सर होतो तेव्हा जो येतो तो हळदच सांगतो. कुणी ओली हळद उगाळून पाजायला सांगितली, कुणी कर्क्युमिनच्या महागड्या गोळ्या कुरिअरनं पाठवल्या. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं होतं.

आईनं गोळ्या सुरू केल्या आणि मी ते टाटातल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी न रागावता समजावलं: काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिनचा परिणाम दिसतो, पण पोटातून घेतलेलं फारसं रक्तात उतरतच नाही. या कर्करोगावर त्यानं गुण येतो असं माणसांमधल्या अभ्यासांनी दाखवलेलं नाही. उलट गोळ्यांतली मोठी मात्रा केमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकते. जेवणातली हळद खुशाल खा, गोळ्या बंद करा. आईला ते लगेच पटलं. म्हणाली, "हळदीनं बरं व्हतं असतं तर वसमतला कुणी मेलंच नसतं."

झाडपाला, भस्म, काढे देणाऱ्यांकडे आमच्या ओळखीतल्या दोघीजणी केमो अर्धवट सोडून गेल्या. त्यांच्याबद्दल मी इथं जास्त लिहू शकत नाही, लिहायला घेतलं की हात थांबतो.

९. कागद सांभाळावेत

रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट, या तीन कागदांवर सगळं चालतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, शेक येतात. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरायच्या आधी त्याला भेटायचं. आम्ही आधी भरले, मग भेटलो. भरलेले परत मिळाले नाहीत.

रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत असते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दवाखान्याकडून छापील फॉर्मवर सही-शिक्का घ्यावा लागतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला नवव्या दिवशी जागा मिळाली, तोवर कल्याणला एका नातेवाइकाच्या खोलीत सातजण राहिलो.

आणि प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असं नाही. केमो कोणती, किती, हे एकदा ठरलं की ती जवळ घेता येते का, हे विचारावं. आईच्या पुढच्या केमो औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचं आहे. तिथं एक दिवस स्त्रियांच्या कर्करोगाचा बाह्यरुग्ण विभाग चालावा, ही माझी मागणी आहे. मी ती लेखी दिली आहे.

१०. आजार परत येतो का, हे आधीच विचारून ठेवावं

पुढच्या टप्प्यात सापडलेला हा आजार बहुतेक बायकांत दोन-तीन वर्षांत उलटतो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. 'बरी झाली' म्हणून गावात जेवण घातलं होतं. आईचा उलटला नोव्हेंबर २०१९ मध्ये, केमो संपल्यावर एकोणीस महिन्यांनी. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेला असेल तर तेच प्लॅटिनमचं औषध पुन्हा चालण्याची आशा असते. चाललं. मग मार्चमध्ये टाळेबंदी लागली, रेल्वे बंद, एसटी बंद. दर वेळी पास काढायचा, गाडी ठरवायची, नाक्यानाक्यावर फाइल दाखवायची.

डिसेंबर २०१८ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला होता. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बायकांना पहिल्या उपचारानंतर ओलापॅरिब नावाच्या गोळ्या दिल्या, तर तीन वर्षांनंतर १०० पैकी ६० जणींचा आजार वाढलेला नव्हता. गोळ्या न मिळालेल्यांत असा आकडा २७ होता. आईची सहावी केमो त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपली होती. आठ महिन्यांचं अंतर. आता या आजाराच्या प्रत्येक बाईनं बीआरसीएची तपासणी होणार का, हे पहिल्या केमोच्या वेळीच विचारावं.

शेवटचे दोन महिने आतडी अडली होती. वेदनेवर मॉर्फिन मिळालं आणि ते मिळालं म्हणून ती बोलू शकत होती. मॉर्फिनला घाबरू नये. तिनं शेवटपर्यंत आम्हाला नावानं हाक मारली.

११. जलोदर, छातीची गाठ, माहेर

आई गेल्यावर मी तिच्या माहेरची माणसं कागदावर मांडली. धाकटी मावशी, छातीची गाठ, ४४व्या वर्षी. आजोबांची बहीण, म्हणजे आईची आत्या, 'जलोदरानं' गेली, पन्नाशीच्या आत. जलोदर म्हणजे पोटातलं पाणी. हे सगळं घरात माहीत होतं, पण वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडून होतं.

आजार उलटल्यावर आईची बीआरसीएची तपासणी झाली होती, बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या साधारण पाच-सहा बायकांत एकीला बीआरसीए-१ आणि २ या जोडीतल्या कुठल्यातरी जनुकाचा दोष असतो. बाकीच्यांना वय, मूल नसणं, लवकर सुरू झालेली आणि उशिरा थांबलेली पाळी, एंडोमेट्रिओसिस, स्थूलपणा यांची जोखीम. बाळंतपणं, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या, नळ्या बांधण्याचं ऑपरेशन यांनी धोका कमी होतो. आईची दोन बाळंतपणं झाली होती, नळ्या बांधलेल्या होत्या, तरी वारसा भारी पडला. मराठी चित्रपटनिर्मात्या स्मिता तळवलकर ६ ऑगस्ट २०१४ रोजी याच आजारानं गेल्या, वय ५९. मुंबईतल्या, इतक्या माहितगार वर्तुळातल्या बाईलाही तो गाठतो, हे मी त्या वेळी बातमीत वाचून पान उलटलं होतं.

माझी तपासणी २०२१ मध्ये केली. दोष माझ्यातही आहे. सर्वसाधारण बाईला आयुष्यात हा आजार व्हायची शक्यता शंभरात एकीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, बीआरसीए-१ असलेलीला शंभरात चाळीसच्या जवळ. या आजाराची सुरुवात पुष्कळदा नळीच्या झालरीसारख्या टोकाला होते, असं आता समजलं आहे, म्हणून अंडाशयांबरोबर नळ्याही पूर्ण काढतात. अशा बाईनं लेकरं झाल्यावर, ३५ ते ४० या वयात हे करावं असा सल्ला असतो. मी चाळिसाव्या वर्षी केलं. त्यानंतरही पोटाच्या अस्तरातून आजार होण्याची थोडी शक्यता उरते. छातीची तपासणी दरवर्षी करते.

आईचं ऑपरेशन भीती घालून केलं होतं. माझं मी चार महिने विचार करून, दोन डॉक्टरांशी बोलून केलं. अंगातून वाफा येतात, झोप मोडते, हाडांसाठी गोळ्या चालू आहेत. माझ्या डिस्चार्ज कार्डवर काय काढलं आणि काय ठेवलं ते मी मराठीत लिहून घेतलं. डॉक्टरांनी आनंदानं लिहून दिलं.

राहिला भाऊ. तो म्हणायचा, "अक्का, हे बायकांचं हाय, मला काय करायचं." पिशवी या शब्दानं त्यालाही बाहेर ठेवलं होतं. हा दोष लेकाकडेही तितकाच जातो, शंभरात पन्नास. पुरुषाला प्रोस्टेटचा, स्तनाचा, स्वादुपिंडाचा धोका वाढतो आणि त्याच्याकडून तो पुढं लेकींकडे जातो. आईच्या आत्याचा धागाही आजोबांमार्फतच आईपर्यंत आला होता. भावाला दोन मुली आहेत. चार वर्षं मी सांगत होते, तो विषय बदलत होता.

गेल्या महिन्यात त्याच्या थोरलीला शाळेत प्रजननसंस्थेचा धडा होता. तिनं घरी येऊन वहीतली आकृती त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, "पप्पा, आजीला यातलं कुठं झालं होतं?" त्याला दाखवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णा स्टेशनवरून त्याचा फोन आला, रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का. मी म्हटलं, नाही, चहा घे आणि जा.

रिपोर्ट अजून यायचा आहे.